काकाची पाच बोटांची पानं

१२ एप्रिल, शनिवार

आई म्हणाली, "बोलत नाहीस तर नको बोलू, निदान लिही. नाहीतर आतल्या आत आंबशील." आईला माणसं पण पिठासारखीच दिसतात. म्हणून ही डायरी. मराठी मला आईनेच घरी शिकवलंय, चुका असतील. असू देत. कोण वाचणारे.

मी प्राची. सतरा वर्षांची. अकरावीत शाळा सोडली. इंग्लिशची ओरल होती, सर म्हणाले, टेल मी अबाऊट युवरसेल्फ. मी उभी राहिले. खूप वेळ उभी राहिले. मागची मुलं हसायला लागली, मग हसून हसून थकली, तरी मी उभीच. सरांनी मला ऍबसेंट लावलं. मी त्यांच्या समोर होते! त्यानंतर मी खरंच ऍबसेंट राहायला लागले.

आता घरी असते. आईला शिवणकामात मदत करते, फॉल-पिको माझ्याकडे. आम्ही कुवेतमध्ये, जहराला राहतो. बाबा लांब वाफ्राच्या पलीकडे तेलाच्या कॅम्पवर असतात, महिन्यातून दोनदा घरी येतात. आणि वर गच्चीतल्या खोलीत सखाराम काका राहतो. बाबांचा चुलत भाऊ, नांदेडचा. सुतारकाम करतो. लग्न नाही झालं. काका पण माझ्यासारखाच आहे, लोक आले की त्याला लगेच काहीतरी खिळा ठोकायचं आठवतं.

लिहायला कारण असं की काकाने गच्चीवर झाडं लावलीयत. पाण्याच्या टाक्यांच्या मागे, ऑलिव्ह तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत, वरून जुना पडदा बांधलाय. मी कपडे वाळत घालायला जाते तेव्हा दिसतात. आधी साधी गोल पानं होती. आता वरच्या पानांना बोटं फुटलीयत. पाच बोटं, कडेला दाते.

ते पान मी कुठेतरी पाहिलंय.

१४ एप्रिल, सोमवार

आठवलं. समोरच्या बाकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दूध आणायला गेले तर तिथल्या मुलाच्या टोपीवर तेच पान.

फोनवर झाडं ओळखायचं ॲप आहे. आईच्या तुळशीवर पांढरं काय येतं ते कळावं म्हणून घेतलेलं. आज एका पानाचा फोटो काढला. ॲप गोल गोल फिरलं आणि म्हणालं, कॅनाबिस. म्हणजे गांजा. खाली "हेही असू शकतं" मध्ये अजून एक नाव होतं, हिबिस्कस कॅनाबिनस. म्हणजे पहिलं उत्तर कॅनाबिस, आणि दुसरं त्याचाच कोणीतरी भाऊ. सुटकाच नाही.

मी फोटो डिलीट केला. मग वाटलं, डिलीट केलेलं पण पोलिसांना दिसतं. मग फोन नेऊन फ्रीजवर ठेवला. का ते मला माहीत नाही.

इथे असल्या गोष्टीला माफी नसते. आधी जेल, मग तसफीर, म्हणजे बोटांचे ठसे घेऊन विमानात बसवतात, परत कधीच यायचं नाही. काका आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्याच नावावर. म्हणजे बाबा, आई, मी, सगळ्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला. आणि काका जेलमध्ये कसा राहील? त्याला कोणी ओरडून विचारलं की तो "हो" म्हणतो, प्रश्न काहीही असो.

१५ एप्रिल, मंगळवार

काही झालं नाही. बेल वाजली तेव्हा मी बाथरूममध्ये लपले. सिलिंडरवाला होता.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज सुट्टी म्हणून काका खाली जेवायला होता. आईने अंबाडीची भाजी केली. आंध्रावाल्या दुकानात फ्रोजन मिळते, हिरवी वीट असते, ती गरम पाण्यात सोडायची. मला फार आवडते. काकाने एक घास खाल्ला आणि थांबला.

"वहिनी, ही अंबाडी नव्हं. बर्फाला हिरवा रंग दिलाय नुसता."

"मग आणा की तुमच्या नांदेडहून," आई म्हणाली.

काका हसला. आई पण हसली. दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि गप्प झाले. मी वीट खात राहिले.

जेवून कचरा टाकायला गेले तर जिन्यात महबूबभाई. ते आमचे हारिस, बिल्डिंग तेच सांभाळतात. रत्नागिरीचे आहेत, झाडू मारता मारता अख्ख्या बिल्डिंगची खबर सांगतात.

"काय गो पोरी! काकाला सांग, अजून दोन डबे मिळालेत. रातांबीच्या झाडाखाली वाढलेला माणूस मी, मला पण हिरवं दिसलं की बरं वाटतं. फक्त मालकाला दिसू देऊ नको म्हणावं. आणि तयार झालं की पहिला वाटा माझा हां!"

मी मान हलवली. वर येऊन बसले.

म्हणजे महबूबभाई पण.

२२ एप्रिल, मंगळवार

काकाने परवा पानं तोडली. सगळी नाही, वरची कोवळी. खोलीत खाटेवर चादर, चादरीवर पानं, पंखा एकवर. स्वतः खाली चटईवर झोपतो.

मी सर्च केलं. माझ्या फोनवरून भीती वाटली म्हणून आईच्या फोनवरून केलं. आता आईला पण तसफीर.

एक लेख सापडला, घरी उगवलेला गांजा जुन्या पद्धतीने कसा मुरवतात म्हणून. मी शपथ घेऊन सांगते, तो माणूस काकाच्या खिडकीत बसूनच लिहीत होता. पानं उन्हात नाही, सावलीत सुकवायची. चादर, पंखा, बरोबर. मग घट्ट दाबून भरायची, म्हणजे ती आतल्या आत घाम सोडतात. काकाने आज ऑलिव्हच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या बरणीत मुठीने दाबून दाबून भरली, वर धुतलेला दगड. मग रोज झाकण उघडून आतली हवा सोडायची, नाहीतर बिघडतं. काकाने झाकणाला हात लावून मला दाखवलं, "हे असं रोज सैल करायचं. त्याला पण श्वास लागतो."

फक्त दोन गोष्टी लेखात नव्हत्या. एक मीठ. काका जाडं मीठ चोळतो पानांना, तेही हात राखून, कारण त्याला बीपी आहे. दुसरं लसूण आणि लाल मिरच्या. लसूण वास मारायला असणार. मिरच्या पोलिसांच्या कुत्र्यांसाठी.

काका दिसतो साधा, पण डोकं आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

ठरवलं होतं, आज विचारायचं. आरशासमोर प्रॅक्टिस केली. "काका, हे बरोबर नाही." चार शब्द. आरशासमोर जमले.

वर गेले. काका झाकण उघडत होता. फुस्स झालं. आंबट वास आला. गांजाचा वास मी कधी घेतला नव्हता, आता कळला.

"काका."

"हां बोल की लेकरा."

"काका... तू... हे... चहा घेणार?"

"घेतो की."

खाली आले, चहा केला, वर नेला. पुन्हा ट्राय केलं. बरणीकडे बोट दाखवलं. "हे ते आहे ना? ते गां—"

काकाने चटकन माझ्या तोंडावर हात ठेवला! हाताला लसणाचा वास.

"नाव नको घेऊस माय! तयार होईस्तोवर त्याचं नाव घ्यायचं नसतं. घरातल्या घरात पण नाही. 'ते' म्हणायचं. तुझ्या आजीनं जन्मात कधी नाव घेतलं नाही, म्हणून तिचं कधी बिघडलं नाही. गावात दहा घरी जायचं तिचं."

आजी पण! दहा घरी!

मला वाटत होतं काका एकटा वाया गेलाय. हा तर खानदानी धंदा आहे.

२८ एप्रिल, सोमवार

हे लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

आई गच्चीवर होती. मी जिन्याच्या दारातून पाहिलं. काकाने चमच्याच्या टोकावर थोडंसं काढून तिच्या तळहातावर ठेवलं. आईने बोटाने चाटलं. डोळे मिटले. मग डोळ्यांतून पाणी आलं.

"भावजी," आई म्हणाली, "मी एकदम माहेरी जाऊन आले."

मी परत सर्च केलं. होतं असं. लोकांना कुठे कुठे जाऊन आल्यासारखं वाटतं. आणि हो, खाता पण येतो.

संध्याकाळी आई अगदी नॉर्मल होती. ब्लाऊजला हुक लावत होती. मी तिचे डोळे बघत राहिले तर म्हणाली, "काय गं, काय लागलंय माझ्या तोंडाला?"

मी म्हटलं काही नाही. रडू आलं. कांदा चिरत होते म्हणून बरं.

१ मे, गुरुवार

आता कळलं गँग कोण चालवतं. द्वारका मावशी.

त्या लातूरच्या. खैरानला एका कुवेती फॅमिलीच्या समुद्राकाठच्या शालेवर, म्हणजे सुट्टीच्या बंगल्यावर, स्वयंपाक करतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या होत्या, तेव्हा सगळ्या बायका त्यांना घाबरून गोड बोलत होत्या. मला म्हणाल्या होत्या, "ही मुलगी बोलत नाही का, का आपल्यालाच ऐकू येत नाही?" त्या दिवशी काकाला घरातले सगळे खिळे आठवले होते.

आज काका टाकीच्या मागे फोनवर होता. मी कपडे काढत होते, पडदा मध्ये होता.

"द्वारकाबाई... हौ... पुढच्या शुक्रवारी घेऊन येतो. नाही, नाही, मी कुठं बोललो कुणाला. तुम्ही मागच्या दाराला या. साहेबलोकांसमोर नको... किती म्हणजे, एक बरणी. कमी आहे? बघू, पुढं वाढवू की."

मग खूप वेळ काहीच बोलला नाही. पलीकडून पण नाही. दोघांनी फोन मात्र ठेवला नाही. कोड असणार.

काकाने नवीन शर्ट आणलाय. क्रीम कलरचा. डील करायला जाताना लोक असंच करतात, पिक्चरमध्ये पाहिलंय.

६ मे, मंगळवार

काका कामाला गेला तेव्हा मी बरणी उचलून बाथरूमपर्यंत नेली. झाकण काढलं. फ्लशचं बटण शोधून ठेवलं. पाच मिनिटात सगळं संपलं असतं.

मग आठवलं, काल काका बरणीशी बोलत होता. खरंच. "बस आता, चार दिवस अजून, मग तुझं तू, माझं मी." आणि हसला. काकाला मी कधी एवढं हसताना पाहिलं नाही. बाबा म्हणतात तो लहानपणी पण असाच होता, फोटोत पण कोपऱ्यात अर्धाच येतो.

मी झाकण लावलं, बरणी परत ठेवली. वास जावा म्हणून खोलीत बखूर, म्हणजे अरबी धूप, जाळला. आई वर आली, म्हणाली, "कोण अरब शेख येऊन गेला की काय?"

मी आता गुन्ह्यात सामील आहे.

८ मे, गुरुवार

काका खाली आला. दारातच उभा राहिला, चपलेने फरशीवर गोल काढत.

"वहिनी, उद्या प्राचीला सोबत नेऊ का? मला एकट्याला... जमणार नाही."

"जा गं," आई म्हणाली. "समुद्र बघ. घरात बसून बसून कुबट झालीस."

म्हणजे मी कव्हर. गाडीत मुलगी असली की पोलीस थांबवत नाहीत, असा प्लॅन. आणि माझी सख्खी आई "जा गं" म्हणते.

काका म्हणाला, "बरणी तू सांभाळ. मांडीत धर. झाकण सैल ठेव हां, लक्षात ठेव."

सैल ठेवू? म्हणजे अख्ख्या हायवेवर वास सोडत जायचं? काकाला पोलिसांचं काहीच कळत नाही. मग मी ठरवलं. वाचवायचं तर नीट वाचवायचं. संध्याकाळी त्याने शेवटची हवा सोडली आणि खाली गेला की मी झाकण गच्च आवळलं. त्यावर किचनमधलं प्लॅस्टिक. त्यावर कुरियरची तपकिरी टेप, आडवी, उभी, मग परत आडवी. सगळं काळ्या कचऱ्याच्या पिशवीत. पिशवीवर पण टेप.

आता कुणालाच संशय येणार नाही.

१० मे, शनिवार

कालचं लिहिते. काल लिहायला जमलं नाही.

सकाळी दहाला निघालो, काकाच्या वानेटमध्ये. वानेट म्हणजे छोटा पिकअप, त्याचा एसी फक्त आवाज करतो. काका नवीन शर्टमध्ये, केसांना तेल. माझ्या मांडीत काळी पिशवी. सिक्स्थ रिंग रोड संपेपर्यंत दोघं काही बोललो नाही. काकाला बोलायचं नव्हतं, मला बोलता येत नव्हतं.

फहाहीलच्या पुढे मला जाणवलं, पिशवी फुगतेय. आधी वाटलं भास. मग बरणीचं पोट माझ्या पोटाला लागायला लागलं. आतून बारीक कुर्रर्र असा आवाज. मी एसीची जाळी तिच्याकडे फिरवली. जाळी हातात आली.

आणि खैरानच्या अलीकडे चेकिंग. गाड्यांची लाईन. दोन पोलीस, एक म्हातारा, एक तरुण, गॉगलवाला. काकाने खिडकी खाली केली, सिविल आयडी दिला. म्हाताऱ्याने बघितला, "यल्ला", म्हणजे चला, म्हणणारच होता. तेवढ्यात तरुणाने मला पाहिलं. मी घामाने चिंब, डोळे विस्फारलेले, टेप लावलेल्या काळ्या पिशवीला दोन्ही हातांनी मिठी मारून बसलेली. मी पोलीस असते तर मी पण थांबवलं असतं.

"शिनू हादा?" त्याने विचारलं. हे काय आहे?

काकाने तोंड उघडलं. मला माहीत होतं काय होणार. काका "हो" म्हणणार.

"हौ," काका म्हणाला.

तरुणाने दार उघडलं, पिशवी घेतली, बॉनेटवर ठेवली. हाताने हलवली. आतून कुर्रर्र. तो एक पाऊल मागे गेला, मग पुढे आला. खिशातून किल्ली काढली आणि टेप कापायला लागला. एक थर. दुसरा. काका हळू आवाजात मला म्हणाला, "एवढी टेप कुणी लावली?"

आणि मग माझं काय झालं मला माहीत नाही. मी खाली उतरले आणि ओरडले. मी! भर हायवेवर, शाळेत शिकलेल्या अरबीत. "हादा माली! मू मालह! माली!" माझं आहे ते, त्याचं नाही, माझं आहे! मागच्या गाडीतल्या लोकांनी काचा खाली केल्या. "काकाला काही माहीत नाही! त्याला सोडा! मी लावली झाडं, मी सुकवली, सगळं मी!" शेवटचं मराठीत झालं बहुतेक.

म्हातारा पोलीस माझ्याकडे बघत होता. काका माझ्याकडे बघत होता. तरुण पोलिसाने बरणी पोटाशी घट्ट धरली आणि झाकण फिरवलं.

ते फिरलं नाही. ते उडालं.

फट्ट झालं आणि हिरवं कारंजं. पोलिसाचा गॉगल, टोपी, छातीवरच्या पट्ट्या, वानेटची काच, आणि धरायला धावलेला काका, त्याचा क्रीम शर्ट. दगड टणकन बॉनेटवर पडला आणि माझ्या पायाशी आला. झाकण अजून वरच होतं बहुतेक.

तरुणाच्या ओठावर एक पान चिकटलं होतं. त्याने ते काढायला जीभ बाहेर काढली. थांबला. परत चव घेतली.

"अचार?" तो म्हणाला.

म्हाताऱ्याने बोटाने त्याच्या शर्टावरचं उचललं, वास घेतला. "अचार!" आणि तो हसायला लागला. असा हसला की त्याला वानेटला टेकावं लागलं. मला म्हणाला, "माली, हां? माली?" आणि परत हसायला लागला. तरुणाला टिश्यूचा अख्खा बॉक्स दिला मी. त्याने उरलेली बरणी दोन्ही हातांनी, एकदम हळू, माझ्याकडे परत दिली, जशी काही अजून उडणार आहे. "रूह, रूह," म्हणाला. जा, जा.

पुढे जाऊन काकाने गाडी वाळूत उतरवली आणि थांबवली.

"लेकरा, तुला काय वाटलं होतं काय आहे ह्यात?"

मी सांगितलं. सगळं. टोपी, ॲप, लेख, आजी, दहा घरं. एवढं मी एका वेळी कधीच बोलले नव्हते.

काकाने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. मग म्हणाला, "अगं अंबाडी आहे ती! आयुष्यभर खाल्लीस आणि पान ओळखलं नाहीस?"

"मी वीट ओळखते."

"पान दिसतं तसं, खरंय. गावाकडं पण नवखा माणूस फसतो."

"मग टाकीमागे का लपवलीस?"

"सावलीला! इथलं ऊन सोसतंय व्हय तिला?"

"मग नाव का नाही घ्यायचं?"

"लोणचं मुरताना नाव घेतलं की नजर लागते, बुरशी येते. तुझ्या आजीचं लोणचं दहा घरी जायचं, कधी बिघडलं नाही." तो शर्टावरचं पान काढायला लागला, मग तसंच सोडून दिलं. "आणि तू ते अंगावर घेतलंस? जेलमध्ये गेली असतीस की गं येडे."

मी म्हटलं, तू "हौ" म्हणालास ना.

मग त्याने खरं सांगितलं. संक्रांतीला द्वारका मावशी आईला म्हणाल्या होत्या की ह्या देशात सोनं मिळतं, पण माझ्या आईच्या हातची आंबवलेली अंबाडी कुठे मिळत नाही. काकाने ते ऐकलं आणि नांदेडहून बी मागवलं. लोणचं द्यायचं आणि मग विचारायचं. काय विचारायचं ते त्याने सांगितलं नाही, पण कानापर्यंत लाल झाला.

शालेच्या मागच्या दाराला गेलो. आत साहेबलोकांचं मासे खाणं चाललेलं. द्वारका मावशी बाहेर आल्या, कमरेवर हात.

"काय हो सुतार, अंघोळ राहिली का आज?"

काका अर्धी बरणी पुढे करून उभा राहिला. खूप वेळ उभा राहिला. मावशींनी बरणीकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं. मग बोट पुढे करून त्याच्या खिशावरचं हिरवं उचललं आणि तोंडात घातलं. त्यांचा चेहरा एकदम वेगळाच झाला, लहान मुलीसारखा. पण एक सेकंदच.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

काकाने माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मला माहितीय. टेल मी अबाऊट युवरसेल्फ. मी पण सरांकडे असंच पाहिलं होतं.

माझा घसा बसला होता, तरी मी म्हटलं, "मावशी, काका विचारतोय, पुढच्या वेळी मीठ तुम्ही घालाल का? म्हणजे... दर वेळीच."

द्वारका मावशी मला वरून खालपर्यंत बघत राहिल्या. "आणि त्याला तोंड नाही का?"

"आहे. अजून मुरतंय."

त्यांनी बरणी घेतली, आत गेल्या आणि दार लावलं. आम्ही थांबलो. आतून फक्त भांड्यांचे आवाज.

"नाही म्हणली," काका म्हणाला.

"काहीच नाही म्हणाल्या."

"तेच ते."

परत निघालो. चेकिंगला म्हातारा पोलीस अजून तिथेच होता. आम्हाला बघून त्याने दुरूनच सॅल्यूट मारला आणि ओरडला, "माली!"

१३ मे, मंगळवार

नेटवर पाहिलं, ॲपमधलं ते दुसरं नाव, हिबिस्कस कॅनाबिनस, अंबाडीचंच होतं. आईला सगळं कळलं. हसून हसून शिवणाची सुई तिच्या बोटात घुसली. मग म्हणाली, "मला गांजेकस समजलीस आणि तरी माझ्या हातचं जेवत होतीस?" मी म्हटलं, भूक लागायची.

महबूबभाईंचा वाटा उडाला म्हणून ते रुसलेत. जिना आमच्या मजल्यापर्यंतच झाडतात.

काका वरून खाली येत नाही. झाडांना पाणी पण मीच घालते.

१७ मे, शनिवार

दुपारी शालेचा ड्रायव्हर बरणी परत देऊन गेला. आईने पुसून टेबलावर ठेवली. जड होती. रिकामं भांडं कोण परत देतं, काहीतरी घातलं असणार, आई म्हणाली. मी काकाला बोलावून आणलं.

झाकण उघडलं. आत मीठ. काठोकाठ, जाडं, पांढरं मीठ. दुसरं काही नाही. चिठ्ठी पण नाही.

काकाने वाकून पाहिलं. त्याचा चेहरा पडला.

"एवढं मीठ? मला बीपी आहे हे माहीत नाही का तिला?"

आईने कपाळाला हात लावला. माझ्याकडे बघून म्हणाली, "तूच सांग बाई."

"काका, मी त्यांना काय विचारलं होतं?"

"काय विचारलं होतंस?"

"मीठ कोण घालणार ते."

काका बरणीकडे बघत राहिला. मग खुर्चीवर बसला. मग उठला. मग म्हणाला, दाढी करायला पाहिजे. मग परत बसला.

मी त्याच्या खिशातला फोन काढला, नंबर लावला. त्याने फोन माझ्याकडेच परत ढकलला. "तू बोल. तुला येतं आता."

"नाही," मी म्हटलं. फोन त्याच्या हातात दिला, त्याला दारातून बाहेर ढकललं, दार लोटलं.

तो जिन्यात उभा राहिला. मी दाराला कान लावला. आईने माझ्या वर कान लावला. काका काहीच बोलेना. पाणी भरून टाकी वाहायला लागली, खालून महबूबभाई ओरडले, तरी काका गप्पच. मला वाटलं आता त्या ठेवतील.

मग फोनमधून द्वारका मावशींचा आवाज आला, दारापलीकडून पण स्पष्ट, त्यांचा आवाज आहेच तसा.

"असू द्या. घ्या वेळ. मी आहे लाईनवर."